युरोपियन स्टडीजचा मायनर: आधी भाषेचं बघा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बारावी करून अमेरिकेत पदवीला निघालात आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, इकॉनॉमिक्स किंवा पोलिटिकल सायन्स असेल, तर युरोपियन स्टडीजचा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, त्याला छान जोड देतो. साधारण पाच-सहा कोर्स, 15 ते 18 क्रेडिट. नेमके नियम विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून ते तिथल्या कॅटलॉगमध्येच वाचा.

मायनर अडतो तो बहुधा भाषेपाशी. एक युरोपीय भाषा इंटरमीजिएटपर्यंत, म्हणजे सुमारे चार सेमिस्टर, करावी लागते. इंग्रजी यात सहसा धरत नाहीत. शिवाय सुरुवातीच्या सेमिस्टरचे क्रेडिट अनेक ठिकाणी मायनरमध्ये मोजतच नाहीत. तिसऱ्या वर्षी शून्यातून जर्मन सुरू केलं, तर पदवीपर्यंत एकही सेमिस्टर चुकवून चालत नाही, आणि नेमका तेव्हाच मेजरचा अवघड कोर्स त्याच वेळेला येतो.

बारावीची परीक्षा मार्चच्या आसपास आटोपते, तिकडचं सत्र ऑगस्टअखेर सुरू होतं. मधले महिने भाषेला द्या. जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन मुंबई-पुण्यात आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना पोर्तुगीजसाठी पणजी जवळ. तिकडे गेल्यावर प्लेसमेंट टेस्ट होते आणि तिच्यावर तुमचा वर्ग ठरतो. चांगली गेली तर एखादं सेमिस्टर वाचतं. फ्रेंचची डेल्फ परीक्षा देणार असाल तर एक लक्षात ठेवा: चार भाग, प्रत्येकी 25 गुण, पास व्हायला 100 पैकी 50. पण एकाही भागात 5 पेक्षा कमी पडले तर एकूण 60 असूनही नापास. आपल्याकडची मुलं व्याकरणात पक्की असतात आणि ऐकण्यात गडबडतात, कारण कानावर भाषा पडलेलीच नसते. रोज थोडं का होईना, ऐकाच.

बाकीच्या कोर्समध्ये एक पायाभूत असतो. उरलेले इतिहास, राजकारण, साहित्य-कला असे वेगवेगळ्या विभागांतून घ्यायचे. सगळे एकाच विभागातून घेतलेले चालत नाहीत. मेजरमध्ये मोजलेले कोर्स इथेही मोजायचे तर बहुधा एक-दोनच. पास-फेल पद्धतीने घेतलेला कोर्स सहसा बाद. एक सेमिस्टर युरोपात काढणार असाल, तर तिकडचे 30 ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट) म्हणजे साधारण 15 अमेरिकन क्रेडिट. मात्र मायनरचा ठरावीक भाग स्वतःच्या विद्यापीठात करावा लागतो. जाण्यापूर्वी सल्लागाराची लेखी मंजुरी घ्या आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेवा.

मायनरच्या शेवटच्या पेपरसाठी, म्हणजे अभ्यासपूर्ण निबंधासाठी, विषय शोधायला लांब जायची गरज नाही. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि जानेवारी 2015 मध्ये ती उठवण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या नियमाखाली, बागायतदाराला आणि निर्यातदाराला काय बदल करावे लागले? यात कायदा, व्यापार आणि आपली बाग एकाच पेपरात येते. मासळीचंही तसंच: 1 जानेवारी 2010 पासून युरोपात जाणाऱ्या समुद्री मासळीसोबत कॅच सर्टिफिकेट, म्हणजे ती नियमानुसार पकडल्याचा दाखला, लागतं. मिरकरवाडा बंदरात उतरलेल्या मासळीची कागदपत्रं कशी तयार होतात, हे सुट्टीत घरी आल्यावर विचारून घेता येईल.

लिहिताना नावांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. युरोपियन कौन्सिल म्हणजे संघातल्या देशांच्या प्रमुखांची बैठक. कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियनमध्ये त्या देशांचे मंत्री बसतात. कौन्सिल ऑफ युरोप ही स्ट्रासबर्गची 46 देशांची निराळी संघटना. 27 देशांच्या युरोपीय संघाचा ती भाग नाही, आणि आंब्याच्या बंदीशी तिचा काही संबंध नाही.