अ‍ॅलर्जीची गोळी: केमिस्टच्या काउंटरपासून दुसऱ्या सकाळपर्यंत

पावसाळा लागला की मुंबईत भिंतींना ओल धरते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते. मग नाक्यावरच्या केमिस्टकडे जाऊन ‘अ‍ॅलर्जीची गोळी द्या’. तो पट्टीच्या दोन गोळ्या कात्रीने कापून देतो. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते.

म्हणून सुरुवात इथूनच करा. अख्खी पट्टी घ्या, नाहीतर तिच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. ठळक छापलेला ब्रँड सोडा, खालचं बारीक अक्षर वाचा: सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, क्लोरफेनिरामिन. हा खटाटोप का? सर्दीच्या कित्येक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला क्लोरफेनिरामिन असतंच, खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्येही असतं. शिंकांसाठी एक गोळी, सर्दीसाठी दुसरी आणि रात्री दोन चमचे सिरप घेतलं, तर एकाच जातीचं औषध दिवसात तीनदा पोटात जातं. मग दिवसभर गुंगी राहिली की दोष हवेला. पट्टीवर माँटेलुकास्टही दिसलं तर ते वरच्या चौघांसारखं अँटीहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिन रोखणारं औषध, नव्हे. त्याने काहींना वाईट स्वप्नं पडतात, मन बिघडतं. ती जोडगोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

आता मात्रा. मोठ्या माणसाला साधारणपणे सेट्रिझिन १० मिलिग्रॅम किंवा लेव्होसेट्रिझिन ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. असर साधारण तासाभरात सुरू होतो आणि दिवसभर टिकतो, त्यामुळे दुपारी पुन्हा शिंका आल्या म्हणून दुसरी गोळी घेऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर ते अंगी कमी लागतं. अ‍ॅसिडिटीचं औषध घेत असाल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

पहिली गोळी रात्री, घरी असताना घ्या. हिस्टामिन हे शरीरातलंच रसायन नाकात खाज आणतं, तसंच मेंदूला जागंही ठेवतं. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात, म्हणून झोप आणतात. सेट्रिझिनने त्यापेक्षा कमी येते, फेक्सोफेनाडिनने क्वचितच. लोकलमध्ये डुलकी लागून स्टेशन चुकलं तर उलट फिरता येतं. हायवेवर स्कूटरवर मात्र तशी सवलत नाही. ‘मला काही झोप येत नाही’ यावरही विसंबू नका, कारण डोळे उघडे असले तरी हात-पाय मंद चालतात. गोळीच्या दिवशी दारू नको. झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर आधी विचारा. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या बायकांनीही.

तोंड कोरडं पडणं, डोकं दुखणं, थकवा हे बहुधा आपोआप जातं. घरातल्या आजी-आजोबांकडे मात्र लक्ष हवं: प्रोस्टेट वाढलेलं असेल तर जुन्या गोळ्यांनी लघवी अडते, काचबिंदू बळावू शकतो, कधी माणूस असंबद्ध बोलू लागतो. आणि मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळं करणारं फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना द्यायचं नाही, तसा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं.

महिनोन्महिने रोज सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन घेऊन एकदम बंद केलं, तर काही दिवसांत अंगभर प्रचंड खाज सुटू शकते. हे क्वचित घडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये तसा इशारा दिला. अ‍ॅलर्जी परतली असं समजून पुन्हा गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी ठरली असेल तर गोळी किती दिवस आधी थांबवायची तेही तिथेच विचारा.

ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, गरगरलं तर गोळीच्या भरवशावर बसू नका. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. १०८ ला फोन करा किंवा मिळेल ती टॅक्सी पकडून जवळचं रुग्णालय गाठा, आणि पट्टी सोबत न्या.