खाडीत कयाकवरून गरवायला जाताना

कोकणातल्या खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) घालायची असेल तर दांडी-रीळ घेण्याआधी पंचांग उघडावं. साधारण माणूस वल्ही मारत तासाला चार-पाच किलोमीटर जातो. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या अरुंद भागात पाणीही तेवढ्याच वेगाने धावू शकतं. अशा पाण्यासमोर वल्हं मारलं की किनाऱ्यावरचं तेच झाड अर्धा तास दिसत राहतं आणि हात भरून येतात. म्हणून जाताना भरतीबरोबर आत जायचं आणि येताना ओहोटीबरोबर खाली उतरायचं. बाकीचं सगळं नियोजन यावरच बेतावं.

दिवस कसा निवडायचा

मुंबई-रायगडच्या बाजूला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ × ३/४, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. सकाळची आणि रात्रीची वेळ साधारण तीच. सिंधुदुर्ग आणि गोव्यात हीच भरती सुमारे तासभर आधी येते, आणि खाडीच्या मुखापासून आत जाल तसा उशीर वाढत जातो. हा हिशेब दिवस ठरवण्यापुरता. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघावी.

नवख्यांसाठी एकादशी-द्वादशी उत्तम. अष्टमीनंतरचं भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी असल्याने ओढ कमी असते आणि भरती सकाळी लागते. सहाला निघालात तर चढत्या पाण्याबरोबर आत जाता येतं आणि खारे वारे सुटायच्या आत, म्हणजे अकराच्या आधी, परत येता येतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास. त्या दिवशी परतताना ओहोटी समुद्राकडे ओढते आणि वारा समुद्राकडून येतो. दोन्ही समोरासमोर आले की मुखाजवळ पाणी उभं राहतं. छोट्या, टोकदार लाटा कयाकला आडवं पाडतात. पहाटेचे मतलई वारेही मुखाजवळ घातकच, कारण ते ओहोटीबरोबर बाहेर ढकलतात. पहिले काही महिने मुखापासून दूर, आतल्या खाडीतच राहावं.

भरती सहा तास एकसारखी चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त. ओहोटीचंही तसंच. पाणी फिरल्यावर दोन तासांच्या आत धक्का गाठायचा. त्यानंतर तीच उतरण गुडघाभर चिखलाची होते आणि तीस किलोची कयाक त्यातून ओढता येत नाही.

हंगाम ऑक्टोबर ते मे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. पावसाळ्याच्या पुरात कयाकनेही काठावरच राहावं.

कयाक आणि सामान

वर बसायची, आत पाणी न साठणारी कयाक घ्यावी. लांबी १० ते १२ फूट, रुंदी ३० ते ३४ इंच. कंपनीने लिहिलेल्या वजनक्षमतेच्या सत्तर टक्क्यांपुढे माणूस आणि सामान मिळून भार नको. भार वाढला की बसण्याच्या जागेतल्या भोकांतून पाणी वर येतं आणि कयाक जड, आळशी होते.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, मागे बांधून ठेवायचं नाही. त्याला शिट्टी आणि सुरी. वल्ह्याला दोरी, प्रत्येक दांडीला दोरी. पाणी माणशी तीन लिटर. मार्चनंतर तेही पुरत नाही.

दांडी साडेसहा-सात फुटांची, ३००० ते ४००० आकाराचं रीळ, ३० पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे ४०-५० पौंडांचा, पाऊण मीटर लांबीचा जाड तंगूस (नायलॉनचा धागा). जिताड्याच्या (गोव्यात चोणक) कल्ल्यांची कड सुरीसारखी असते. बारीक तंगूस एका झटक्यात जातो. सहा फुटांपेक्षा आखूड दांडी नको: मासा कयाकखालून पलीकडे गेला तर दांडीचं टोक पुढच्या टोकाला वळसा घालून फिरवता आलं पाहिजे.

नांगर

कयाक उलटण्याचं मोठं कारण मासा नसतो, चुकीचा टाकलेला नांगर असतो. तो बाजूला, बसल्या जागेजवळ बांधला तर ओढ कयाकला आडवी धरते आणि ती कड खाली दाबली जाते. म्हणून एका कडेने पुढून मागे दोरीचं कडं फिरवून घ्यावं, दोन टोकांना छोट्या कप्प्या आणि मधे एक वळं. नांगराची दोरी वळ्यात ओवायची आणि वळं ओढून अगदी पुढे किंवा अगदी मागे न्यायचं. मधे थांबू द्यायचं नाही.

दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो. दोरी खोलीच्या चार-पाच पट: तीन मीटर पाण्यात बारा-पंधरा मीटर. कमी सोडली की नांगर घसटत जातो. तिवरांच्या मुळांत किंवा कालवांच्या खडकांत तो हमखास अडकतो. त्यावर उपाय असा: दोरी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता बुडाला बांधायची, दांड्यालगत वर आणून कडीला एका बारीक प्लॅस्टिक पट्टीने जखडायची. अडकला की वरून जोरात ओढायचं. पट्टी तुटते, ओढ बुडाकडून लागते आणि नांगर उलटा निघतो. खिशात चार पट्ट्या जास्तीच्या ठेवाव्यात. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तरंगता बोया आणि हुक असावा, म्हणजे मोठा मासा लागला की हुक सोडून मोकळं होता येतं.

उथळ चिखलात नांगरापेक्षा आठ फुटी बांबू बरा. टोक रोवलं, दोरी मागच्या वळ्याला बांधली की काम झालं. आवाजही होत नाही.

कुठे गरवायचं

भरती पूर्ण झाल्यावर आणि पाणी फिरल्यापासून पुढचा तास-दीड तास. कांदळवनात शिरलेलं पाणी छोट्या ओहोळांतून बाहेर यायला लागतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयची पिल्लं येतात. ओहोळाच्या तोंडाशी, गढूळ आणि स्वच्छ पाण्याच्या रेषेवर, जिताडा आणि तांबोशी टपलेले असतात. कयाक तोंडावर न नेता पंधरा-वीस मीटर लांब उभी करावी. गळ ओहोळाच्या आतल्या बाजूला टाकून पाण्याबरोबर बाहेर येऊ द्यावा.

जिवंत कोळंबीला ३/० ते ५/० चा गोल वळणाचा गळ. चावा लागला तरी दांडी झटकू नये. दोरी ताणत न्यावी, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. नवी जागा शोधताना वीस-पंचवीस मीटर दोरी मागे सोडून बुडणारं प्लॅस्टिकचं आमिष ओढत न्यावं.

खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यांच्या वरच्या अंगाला कधीही नांगरू नये. नांगर सुटला तर ओढ थेट जाळ्यात नेते, आणि जाळंही कुणाच्या पोटापाण्याचं असतं.

मासा लागल्यावर

दांडी पुढच्या टोकाकडे रोखावी, म्हणजे मासा कयाकला पुढे ओढतो, आडवं नाही. रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतका. तांबोशीला मात्र पहिल्या दोन-तीन सेकंदांत मुळांकडे जाऊ द्यायचं नाही. जवळ आल्यावर डोकं कयाकच्या कडेबाहेर काढू नये. हात लांबवून मासा फगीत (दांड्याच्या हातजाळीत) घ्यावा.

शिंगाळ्याचे तिन्ही काटे विषारी. पक्कडीनेच गळ काढावा. काटा लागला तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात तास-दीड तास बुडवून ठेवावी आणि डॉक्टरकडे जावं. पाकट किंवा साप आला तर तंगूस कापून सोडून द्यावा, कयाकमध्ये घेऊ नये.

जिताडा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. ऐंशी सेंटिमीटरपुढचे बहुतेक मादीच असतात. म्हणून मोठा जिताडा पाण्यातच धरून गळ काढावा आणि सोडावा. खायला मधल्या मापाचा ठेवावा.

उलटली तर

हे आधी कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून, दहादा करून बघावं.

१. वल्हं आणि कयाक सोडू नये. तिला धरूनच राहावं.
२. कयाक पालथी असेल तर बुडावरून हात टाकून पलीकडची कड धरावी, गुडघे अलीकडच्या कडेला टेकवून मागे झुकावं. ती सुलटी होते.
३. बसण्याच्या जागेसमोर येऊन पाय पाण्यावर आणावेत आणि पाय मारत पोटावर वर सरकावं. उभं लटकून चढायला गेलात तर ती पुन्हा अंगावर येते.
४. पोटावरून कुशीवर वळून आधी बूड जागेवर, मग पाय आत.

पाय टेकला आणि चिखल लागला तर उभं राहू नये. मांडीपर्यंत रुतल्यावर चढणं दुप्पट अवघड होतं. आडवं राहूनच कयाकवर यावं.