संदेशासाठी पवित्र शास्त्र (बायबल) वाचताना या चुका टाळा

विषय आधी ठरवायचा आणि मग त्याला शोभेल असे वचन शोधायचे, ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संदेश (प्रवचन) देऊ लागलेल्यांची नेहमीची चूक आहे, आणि ती मीही केली आहे. नोकरी गेलेल्या एका कुटुंबाला धीर द्यावा म्हणून मी यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९:११ (अध्याय २९, वचन ११) वर बोललो. देवाचे संकल्प हिताचे आहेत, तेव्हा तुमचे दिवस लवकरच पालटतील, असे मी ठामपणे सांगितले. उपासनेनंतर मंडळीतील एका वयस्कर बाईंनी मला त्याच्या आधीचे वचन मोठ्याने वाचायला लावले. त्यात ७० वर्षांचा उल्लेख आहे. हे पत्र बंदिवान करून बाबेलास (बॅबिलोनला) नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेले असून ते ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांच्या वाट्याला परतीचा दिवस येणार नव्हता. म्हणून तर त्यांना घरे बांधा, बागा लावा आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. घरी येऊन मी अठ्ठाविसावा अध्याय वाचला, तेव्हा दोनच वर्षांत सर्व काही परत मिळेल असे सांगणारा संदेष्टा हनन्या तेथे भेटला. यिर्मयाने त्याला खोटा ठरवले होते. वचन यिर्मयाचे घेऊन मी संदेश हनन्याचा दिला होता. दुसऱ्या दिवशी त्या कुटुंबाकडे जाऊन मी क्षमा मागितली.

तेव्हापासून मी निवडलेल्या वचनाच्या मागचा व पुढचा अध्याय, आणि लहान पत्र असेल तर ते संपूर्ण, एका बैठकीत मोठ्याने वाचतो. फिलिप्पैकरांस पत्राचे चार अध्याय वाचायला अर्धा तासही लागत नाही. हे पत्र लिहिणारा, बंधनात असलेला प्रेषित पौल तेथे भूक आणि विपुलता या दोन्हींत राहायला शिकल्याचे सांगतो, हे एकदा वाचले की ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ हे ४:१३ वचन परीक्षेतील यशाची हमी म्हणून वापरण्याचे धाडस होत नाही.

अध्यायाच्या आकड्यापाशी थांबू नका. आजची अध्यायविभागणी तेराव्या शतकातील आहे, आणि नव्या करारातील वचनांचे आजचे आकडे १५५१ साली प्रथम छापले गेले. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत यशया ५२:१३ पासूनच सुरू होते, तरी पुष्कळ जण त्रेपन्नाव्या अध्यायापासून वाचतात.

वाचनाच्या वार्षिक योजनेत मागे पडलात, तर भरपाईसाठी सहा अध्याय धावत वाचू नका. आजचाच नीट वाचा.

भाष्यग्रंथ शेवटी उघडावा. मोबाइलवरचे संदेशाचे तयार आराखडे तर मुळीच नकोत. ज्याला एका परिच्छेदापाशी तासभर बसवत नाही, त्याने मंडळीपुढे उभे राहण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी परिच्छेद हाताने वहीत उतरवतो आणि ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘कारण’ या शब्दांखाली रेघ ओढतो. रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय ‘म्हणून’ने सुरू होतो, आणि त्या एका शब्दामागे आधीचे ११ अध्याय उभे आहेत. त्यानंतर, संदेशाचा एकही मुद्दा मांडण्यापूर्वी, हा परिच्छेद माझ्याकडून काय मागतो ते एका वाक्यात लिहितो. ते वाक्य लिहिता आले नाही, तर त्या रविवारी मी त्या परिच्छेदावर बोलत नाही.