जुनी गाडी पेट्रोल ओढत नाही? कार्बोरेटरला हात लावायच्या आधी या चुका टाळा

गाडी बंद पडली की पाना घेऊन थेट कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, खोलायचा, ही आपल्या बेळगाव भागातली जुनी खोड. जावा, येझदी, जुनी बुलेट यांत पेट्रोलचा पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनानं टाकीतून खाली येतं. तेव्हा तपासही वरूनच करायचा. आधी टाकीचं झाकण, मग कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ), पाइप, आणि शेवटी कार्बोरेटर. पण ऐकतंय कोण?

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोलची धार तुटते. गाडी थोडी पळते, गचके खाते, बंद. जरा थांबलं की परत चालू. निपाणीच्या एका पोराची येझदी रोडकिंग वंटमुरी घाटात हटकून अशी मरायची. त्यानं कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटरचं किट टाकलं. कुणीतरी सिलिंडर बोअर करून घ्यायलाही सांगितलेलं. मी म्हटलं, "खर्च थांबव. आता बंद पडली की झाकण उघड आणि कान दे." काकती सोडून थोडं पुढं गेल्यावर बंद पडली. झाकण उघडताच फुस्स करून हवा आत गेली, जरा वेळानं दुसऱ्या किकला गाडी चालू! टाकी गळते म्हणून झाकणाला सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून बसवलेलं, तेही भोकासकट झाकून.

धार बघायची माझी पद्धत साधी. इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडायचा आणि कॉक उघडायचा. पहिल्यापासून थेंब थेंब आलं, तर कॉकच्या जाळीत टाकीचा गंज अडकलाय. आधी चांगली धार येऊन मग आटली, तर झाकण बघा. आणि भोवती जमलेल्यांच्या हातातल्या बिड्या आधी विझवायला लावा, आपल्याकडं हे सांगावंच लागतं.

जेटमध्ये तार घालणाऱ्यांवर मात्र माझा खरा राग. जेट म्हणजे कार्बोरेटरात पेट्रोल मोजून सोडणारी बारकी नळी, पितळेची, भोक केसाएवढं. तारेनं ते रुंदावलं की गाडी जास्त पेट्रोल पिते, प्लग काळा पडतो, आणि मग हेच लोक म्हणतात जुन्या गाड्यांना ॲव्हरेजच नाही. मी जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवतो, हवा मारतो, फारच अडलं तर जुन्या टूथब्रशचा एक केस. वेळ लागतो. घाई असेल त्यानं स्कूटी घ्यावी.

कार्बोरेटरातून पेट्रोल ओव्हरफ्लो होतंय म्हणून त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत बसू नका. फ्लोट, म्हणजे आतल्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा, काढून कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

कोरडा प्लग (पेट्रोल पोचत नाही) आणि ओला प्लग (पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही) यांतला फरक न बघता काहीही बदलू नका.

पावसाळ्यात जांबोटी-चोर्ला घाट करून आलात तर फ्लोटची वाटी काढून तळाशी पाणी आहे का बघा. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी मुरतं, जास्त झालं की टाकीच्या तळाला बसतं, आणि कॉक तिथूनच तर ओढतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवा.