इंग्लिशच्या तासाला रोल प्ले, गेम घेताय? मग मुलांना विचारा, पण असं विचारा

मराठी मीडियमच्या मुलांना इंग्लिश शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय, शाळेत शिकवत असाल किंवा ऐरोली-कळव्याला घरी क्लास घेत असाल. 2000 पासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावी झालेली पोरंसुद्धा दोन वाक्यं बोलायची म्हटली की एकमेकांकडे बघतात, म्हणून आपण रोल प्ले, जोडीकाम, गेम सगळं करून बघतो आणि ते करायलाच पाहिजे, फक्त त्यातलं काय उपयोगी पडतंय हे मुलांना धड कोणी विचारत नाही.

"आवडलं का रे?" असं वर्गात विचारलं तर सगळे एका सुरात येस टीचर म्हणणार. त्यापेक्षा अ‍ॅक्टिव्हिटी संपल्या संपल्या चिठ्ठ्या वाटा, नाव नको, आणि मराठीतच लिहू दे, कारण इंग्लिशमध्ये लिहायला लावलं की मनातलं राहतं बाजूला, जेवढं जमतं तेवढंच लिहितात. प्रश्न दोनच ठेवा, आज बोलायला कधी मिळालं आणि कधी गप्प बसावंसं वाटलं, का वाटलं.

सगळ्यांसमोर रोल प्ले नको, जोडीत चालेल, हे बरेच जण लिहितात. मध्येच चूक काढली की पुढचं विसरायला होतं, हेही येतं, मग चुका वहीत टिपून ठेवा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्या. आणि ग्रुपमध्ये एकच जण बोलत सुटतो, ही तक्रार तर हमखास!

त्यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे इन्फर्मेशन गॅप, म्हणजे दोघांकडे अर्धी अर्धी माहिती द्यायची आणि ती एकमेकांना विचारून पुरी करायची. ठाणे-वाशी लाइनची स्टेशनं दोन कागदांवर लिहा, एकावर दिघा गाव, रबाळे, कोपरखैरणे, सानपाडा ही नावं गाळा, दुसऱ्यावर ऐरोली, घणसोली, तुर्भे ही. पाठीला पाठ लावून बसवा, कागद दाखवायचा नाही. "व्हॉट कम्स आफ्टर ऐरोली?" असं विचारून, उत्तर ऐकूनच रिकामी जागा भरायची, त्यामुळे गप्प बसणाऱ्यालाही तोंड उघडावंच लागतं, आणि स्टेशनं रोजचीच असल्यामुळे सगळं लक्ष इंग्लिशवर राहतं. बंगलोरला इंग्लिश शिकवण्याच्या पद्धतींवर काम करणाऱ्या एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 मध्ये शाळेतल्या मुलांना अशीच कामं देऊन इंग्लिश शिकवलं होतं, त्यांचा जास्त भर डोकं चालवायला लावणाऱ्या कामांवर होता. म्हणून पुढच्या तासाला टाइमटेबल द्या, घणसोलीहून 10 वाजता पनवेलला पोचायचंय, कुठली गाडी पकडू आणि का, हे इंग्लिशमध्ये ठरवू दे.

काही चिठ्ठ्यांत असतं की ह्याचे परीक्षेत मार्क नाहीत. त्या मुलांना उडवून लावू नका, त्यांची काळजी खरी आहे. शेवटची पाच मिनिटं मुलं बोलली तीच वाक्यं वहीत लिहून घ्या, प्रश्न कसा तयार झाला ते दाखवा, ग्रामर तिथेच होतं.

आणि पुढच्या तासाला सुरुवातीलाच सांगा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून मी हे बदललं. नाहीतर पुढच्या वेळी चिठ्ठ्या कोऱ्याच येतील.