सोलापुरात घरच्या लॉनसाठी पेट्रोलचं मशीन घेताय? आधी हे बघा

दोन चांगले पाऊस झाले की जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडच्या बंगल्यांतली हरळी आठ दिवसांत घोट्याला लागते, मग सगळ्यांना एकदम गवत कापायचं मशीन आठवतं आणि ऑनलाइन जे स्वस्त दिसेल ते घाईत मागवलं जातं. माझं पहिलं मशीन असंच आलं होतं, टू-स्ट्रोक. दुसऱ्या वर्षी स्टार्टरची दोरी तुटली, आतली स्प्रिंग पण गेली, आणि ती स्प्रिंग सोलापुरात काय पुण्यातही मिळाली नाही. इंजिन ठणठणीत असताना मशीन भंगारात द्यावं लागलं, लय वाईट वाटलं तेव्हा. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो, मशीन निवडायच्या आधी मेकॅनिक निवडा. तुमच्या ओळखीत पंप, फवारणी यंत्रं, जनरेटर दुरुस्त करणारा जो कोण असेल त्याच्याकडे जाऊन विचारा की कुठल्या इंजिनचे प्लग, फिल्टर, कार्बोरेटरचं किट तुझ्याकडे येतं, आणि त्याच इंजिनचं मशीन घ्या, रंग आणि ऑफर नंतर.

मग जागा मोजा, अंदाजानं नको, टेप लावून मोजा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पार्किंग, फरशी, झाडांची आळी वजा करून नुसतं गवत गुंठाभर पण भरत नसेल तर पेट्रोलचं मशीन घेऊ नका, हातानं ढकलायचं रोलरच्या पात्यांचं मशीन किंवा वायरवालं इलेक्ट्रिक पुरतं, देखभाल पण नाही. दोन ते पाच गुंठे असेल तर १८ इंची, म्हणजे एका फेरीत तेवढी रुंद पट्टी कापणारं, ढकलायचं, बास. त्याच्या वर असेल किंवा जागेला उतार असेल तर २१ इंची सेल्फ-प्रोपेल्ड, म्हणजे इंजिनच चाकं फिरवतं, आपण फक्त वळवायचं. पण २१ इंची घ्यायच्या आधी जास्वंदीच्या आणि कंपाउंडच्या मधली बोळ मोजा, मशीन तिथून गेलंच नाही तर तेवढं गवत परत विळ्यानं कापायचं.

कृषी दुकानात गेलात की खांद्यावरचा ब्रश कटर दाखवतात, म्हणतात सगळं यातच होतं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधलं गाजरगवत काढायला तो चांगलाच आहे, पण लॉन त्यानं एका लेव्हलला येत नाही, खड्डे खड्डे दिसतात.

इंजिन फोर-स्ट्रोकच घ्या. टू-स्ट्रोकला दरवेळी पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळायचं, कमी पडलं तर पिस्टन धरतो, जास्त झालं तर धूर. घरच्या मशीनला साधारण १४० ते १९० सीसी पुष्कळ झालं, उदाहरणार्थ होंडाचं जीएक्सव्ही १६० हे इंजिन १६३ सीसीचं आहे. खोक्यावरचे मोठमोठे एचपीचे आकडे बघून भुलू नका.

आपल्याकडची खरी अडचण धूळ आणि काळी माती. उन्हाळ्यात लॉनच्या कडेनं जमीन भेगाळते आणि पातं फिरताना ती बारीक माती उडून सरळ एअर फिल्टरला जाते, फिल्टर चोंदला की इंजिन काळा धूर सोडतं आणि पेट्रोल पितं. त्यामुळे कागदी फिल्टर आणि त्यावर फोमचं कव्हर असं दुहेरी असेल ते घ्या. फोम साबणाच्या पाण्यात धुवायचा, पूर्ण वाळवायचा, कागदी नुसता आपटून झटकायचा, त्याला ऑइल अजिबात लावायचं नाही. पावसाळ्यात उलटा त्रास, चिखल चाकाला लाडवासारखा चिकटतो, म्हणून मागची चाकं मोठी आणि बेअरिंगची बघा, प्लास्टिकच्या बुशवर फिरणारी लवकर खिळखिळी होतात.

उंची बदलायचा लिव्हर पण हातानं चालवून बघा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो तेव्हा गवत दोन-अडीच इंच ठेवायलाच लागतं, पार बोडकं केलं तर मुळं भाजतात आणि पाणी चार दिवसाआड येणाऱ्या भागात ते परत उभं राहत नाही. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका.

जुनं घेत असाल तर एक टेस्ट नक्की करा. प्लगची वायर काढून ठेवा, मशीन कलतं करा पण एअर फिल्टर वरच्या बाजूला राहू दे, नाहीतर ऑइल त्यात जातं. आता जाड हातमोजा घालून पातं हळू फिरवा आणि दोन्ही टोकं डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या, कडेपासून एकाच अंतरावरून, एकाच उंचीवरून जातात का बघा. एक टोक वर, एक खाली दिसलं की नुसतं पातं वाकलंय की इंजिनचा शाफ्ट, हे मेकॅनिककडून बघून घ्या. शाफ्ट वाकला असेल तर कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका. आणि हँडलवर दाबून धरायचा दांडा सोडला की इंजिन तीन-चार सेकंदांत बंद पडलं पाहिजे, तो दांडा कुणी तारेनं बांधून ठेवला असेल तर आधी तार सोडा. पात्याखाली मुरमाचा खडा आला तर तो गोळीसारखा सुटतो, पोरांना आत पाठवूनच मशीन चालू करायचं, पायात बूट आणि डोळ्याला चष्मा हवाच.

पेट्रोलचं पण सांगतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, आणि अशा छोट्या इंजिनांच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये १० टक्केच चालतं असं लिहिलेलं असतं. दुकानदाराकडून मॅन्युअलमधलं ते पान उघडून दाखवून घ्या, २० टक्क्याला चालणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. इथेनॉल हवेतली ओल धरतं, महिनाभर टाकीत पडून राहिलं की कार्बोरेटर चोंदतो, म्हणून दिवाळीनंतर मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा आणि उरलेलं जळून बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

नवीन मशीन बहुतेक वेळा ऑइलशिवाय येतं. मॅन्युअलमध्ये दिलेलं ऑइल, साधारण अर्धा लिटर, भरून, ऑइल मोजायच्या दांडीवर लेव्हल बघून मगच दोरी ओढा, आणि शक्य असेल तर हे सगळं दुकानातच, तुमच्या डोळ्यांसमोर करायला लावा.