स्ट्रोकनंतर पेशंटला भरवताना काय बघायचं

चावणं, जीभ फिरवणं, गिळणं सगळं मेंदूच चालवतो, चावायचा हुकूम मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेतून (मज्जातंतूतून) जातो, जिभेचा बाराव्या, आणि गिळायचं टायमिंग ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा, देठासारखा भाग) सांभाळतं, म्हणजे घास घशात आला की क्षणभर श्वास थांबतो, श्वासनलिकेचं तोंड बंद होतं आणि घास अन्ननलिकेत उतरतो. स्ट्रोकमध्ये नेमकं हेच टायमिंग बिघडू शकतं. म्हणून आधी डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्याच, त्याआधी तोंडातून पाणीसुद्धा देऊ नका प्लीज.

परवानगी मिळाली की ताठ बसवा, आडवं ठेवून भरवायचं अजिबात नाही. टीव्ही बंद. छोटा चमचा, छोटा घास, आणि नजर गळ्यावर ठेवा, कंठ वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं, मगच पुढचा घास. खरं अवघड असतं ते पाणी, पटकन घसरतं ना, घसा बंद व्हायला जरा उशीर झाला की थेट श्वासनलिकेत, म्हणून काहींना पाणी घट्टसर करून द्यायला सांगतात.

मधेमधे "आ" म्हणायला लावा, आवाज ओलसर, घरघरल्यासारखा आला तर थांबा. आणि ठसका लागतोच असं नाही हां, काहींच्या फुफ्फुसात ठसका न लागताच अन्न जातं, ते जास्त धोक्याचं, त्यामुळे ताप किंवा धाप दिसली की लगेच डॉक्टर.

जेवण झालं की लुळ्या बाजूचा गाल आतून बघा, तिथे घास साचतो आणि पेशंटला कळतही नाही. तोंड नीट साफ करा, अर्धा तास तरी बसवूनच ठेवा.